निशाणी डावा अंगठा

अंग ॲल्युमिनियमचं. ते गंजत नाही.
गंजतो तो आतला सांगाडा.
हे मर्डोनं व्यवहाराआधी सांगायला हवं होतं.
सांगितलं नंतर,
माझे दोन मेंढे त्याच्या कुंपणात शिरल्यावर.

ट्रॅक्टरमागे ओढत आणली तिला,
पीट साठवायच्या खोपटात,
पुढची दोन चाकं फिरेनात म्हणून फरफटत.
माळावर अजून त्या दोन रेघा आहेत.

चार हिवाळे झाले.
पश्चिम फॉकलंडात हिवाळा जूनमध्ये येतो
आणि वारा जातच नाही.
दिवसभर मी लोकर निवडते,
लांब धाग्याची इकडे, पोटाखालची तिकडे.
रात्री त्याच तेलकट हातांनी
बोल्ट.
एखादा आठवडा एकाच बोल्टचा.
गंजलेल्या बोल्टशी भांडू नये.
त्याला तेल पाजावं, थोपटावं, आपण झोपायला जावं.
सकाळी तो तरीही ऐकत नाही.

सुटलेलं सगळं जॅमच्या बरण्यांत.
'डावं दार.' 'पुढचा आस.' 'गिअरबॉक्स, वरचं झाकण.'
आणि सगळ्यात भरलेली बरणी:
'कशाचं ते आठवत नाही.'

रॉडी चहा घेऊन येतो, दारात उभा राहतो.
म्हणतो, हिच्यातून जायचं कुठे?
रस्ता तर आपल्या फाटकाशी संपतो.
म्हणूनच, मी म्हणते, बॅटरी धर जरा.

खरडत गेले तसतसे
आधीचे हात दिसू लागले.
कुणी बिस्किटाच्या डब्याचा पत्रा ठोकून
पायाखालचं भोक बुजवलं होतं,
उलट्या बाजूला अजून अर्धी राणी, अर्धा घोडा.
कुणी कुंपणाच्या तारेनं सायलेन्सर बांधला होता,
पीळ उलटा. डावखुरा असणार.
मी त्या सगळ्यांना शिव्या दिल्या. पुरुषांच्याच दिल्या,
दुसरं काही मनात आलंच नाही.

मग पेट्रोलची टाकी उतरवली.
तळाशी भेगेत एक पिवळट गोळा,
दगडासारखा.
नखानं खरवडला तर वास आला
साबणाचा.
आणि त्यात रुतलेला अंगठा,
रेषान् रेषा शाबूत,
माझ्याहून बारीक.

मर्डोनं तो उजेडात धरला, चष्मा वर केला.
आयसोबेल, म्हणाला.
फिरती शिक्षिका.
दोन आठवडे या घरी, दोन त्या घरी,
मागच्या सीटवर पाट्या, नकाशे आणि एक ओलं कुत्रं.
मला बाराखडी तिनंच शिकवली, म्हणाला,
आणि खोटं बोलताना कान लाल होतात हेही.

म्हणजे
अख्ख्या बेटाला सही करायला शिकवून
बाई स्वतः
इथे अंगठा उठवून गेली.

मी टाकीला झाळ मारली. नीट, दोन थर.
साबण बरणीत ठेवला. चिठ्ठी लावली नाही.

ऑक्टोबरात ती सुरू झाली.
खोकली, धूर ओकली, बंद पडली, परत सुरू झाली.
रॉडी न विचारता शेजारी बसला.
फाटक ओलांडून, ओढ्यातून, झुडपांवरून,
हंसांची एक जोडी नाराज होऊन बाजूला झाली,
दीड मैल.
दीड मैलावर पेट्रोलचा वास.

खाली वाकून पाहिलं:
माझी झाळ.
अगदी तिच्या भेगेला लागूनच
एक थेंब जमत होता, सावकाश,
पडत होता, परत जमत होता.

नवी टाकी बोटीवर. बोट पाच आठवड्यांवर.
वारा इतका की एकमेकांचं हसणं ऐकू येईना.

रॉडी चालत घरी गेला
आणि मोरीतली वडी घेऊन आला,
वापरून पातळ झालेली, त्याच्या दाढीचे दोन केस चिकटलेली.
मी गवतात उताणी झाले,
गाडीखाली सरकले,
उजव्या हातानं टाकी धरली
आणि डाव्या अंगठ्यानं
दाबलं.